पद्मश्री पत्रिकेवर कुठे छापायची?

या खेपेला सरकारी सन्मानांबद्दल इतकी पत्रं आली आहेत की दुसरे विषय पुढच्या अंकावर ढकलले आहेत. बहुतेक पत्रं नेरळ, कर्जत, खालापूर पट्ट्यातली आहेत. पत्रलेखकांची नावं नेहमीप्रमाणे वगळली आहेत.

शंका : आमच्या सप्ताहाच्या समारोपाला पद्मश्री मिळालेले एक ज्येष्ठ समाजसेवक येणार आहेत. पत्रिकेवर त्यांच्या नावाआधी 'पद्मश्री' छापली आहे, फ्लेक्सही तयार आहेत. गावातले एक वकील म्हणतात, असं छापता येत नाही. खरं काय? — सप्ताह समितीचे कार्यकर्ते, नेरळ

वकिलांचं बरोबर आहे. पद्म पुरस्काराचा उल्लेख नावाच्या आधी किंवा नंतर जोडता येत नाही. लेटरहेड, निमंत्रणपत्रिका, पोस्टर, पुस्तक, सगळीकडे हाच नियम आहे. गैरवापर झाला तर पुरस्कार काढून घेण्याची तरतूद आहे. म्हणजे छापणार तुम्ही, प्रेमानं, आणि गोत्यात येणार पाहुणे.

यामागे राज्यघटनेचं कलम 18 आहे. लष्करी आणि विद्याविषयक बहुमान वगळता सरकारनं कोणालाही किताब द्यायचा नाही, असं ते सांगतं. रावसाहेब, रावबहादूर, खानबहादूर या साहेबी काळातल्या उतरंडीला घटनाकारांनी मूठमाती दिली ती इथे. मग 1954 मध्ये भारतरत्न आणि पद्म पुरस्कार सुरू झाल्यावर प्रश्न आलाच, हे किताब नाहीत का? प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. बालाजी राघवन खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं 15 डिसेंबर 1995 रोजी निकाल दिला. हे पुरस्कार म्हणजे किताब नव्हेत, पण ते नावाला जोडले तर किताबच होतील, म्हणून जोडायचे नाहीत. पुरस्कार टिकले ते याच अटीवर. म्हणून मी हा नियम किरकोळ मानत नाही.

तुमच्यापुरता उपाय सोपा आहे. पत्रिकेवर नुसतं नाव आणि त्यांचं काम लिहा. फ्लेक्सवर तो शब्द झाकेल एवढी त्याच रंगाची पट्टी चिकटवा. सूत्रसंचालकानं पाहुण्यांचा परिचय करून देताना 'भारत सरकारनं अमुक साली त्यांना पद्मश्री दिली' असं वाक्य म्हणायला काहीच हरकत नाही. भारतरत्नाच्या बाबतीत 'भारतरत्न पुरस्कारप्राप्त' असा उल्लेख परिचयपत्रात करायची मुभा आहे, पण नावाआधी नुसतं 'भारतरत्न' तिथेही चालत नाही.

कीर्तनकारांच्या नावाआधीचं 'ह.भ.प.' बिनधास्त छापा. ते सरकारनं दिलेलं नाही, समाजानं दिलेलं आहे. तुकडोजी महाराजांना लोक राष्ट्रसंत म्हणतात, तोही सरकारी किताब नव्हे. त्याची नोंद कुठल्या सरकारी वहीत नसते आणि ते काढून घेण्याचा अधिकारही कोणाला नसतो.

शंका : आपलं राज्य धर्मनिरपेक्ष. मग सरकार महाराज, स्वामी, मौलाना यांना पुरस्कार कसं देतं? मला हे पटत नाही. — निवृत्त शिक्षक, खोपोली

सर, सरकारनं धर्माचार्यांना गौरवण्याची चाल इथे जुनी आहे. राणी व्हिक्टोरियाच्या राज्याला 50 वर्षं झाली तेव्हा, 1887 मध्ये, संस्कृत पंडितांसाठी 'महामहोपाध्याय' आणि मुस्लिम विद्वानांसाठी 'शम्स-उल-उलेमा' असे किताब काढले गेले. दुसरा किताब मुंबईचे पारशी विद्वान जीवनजी जमशेदजी मोदी यांनाही मिळाला होता. धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणारे पांडुरंग वामन काणे 1942 मध्ये इंग्रज सरकारचे महामहोपाध्याय झाले आणि 1963 मध्ये स्वतंत्र भारताचे भारतरत्नाचे मानकरी. माणूस तोच, ग्रंथही तोच. पण पहिल्या वेळी त्यांना पदवी मिळाली, दुसऱ्या वेळी त्यांच्या कामाची नोंद झाली.

आज पद्म पुरस्कारांच्या यादीत कला, समाजकार्य, सार्वजनिक जीवन, वैद्यक अशी क्षेत्रं असतात. धर्मपुरुषांची नावं कधी समाजकार्यात येतात, तर कधी 'इतर' या सदरात अध्यात्म म्हणून. आपल्या रायगडातच बघा. गागोद्याचे विनोबा भावे यांना 1983 मध्ये मरणोत्तर भारतरत्न मिळालं. रोह्याचे पांडुरंगशास्त्री आठवले यांना 1999 मध्ये पद्मविभूषण, रेवदंड्याचे अप्पासाहेब धर्माधिकारी यांना 2017 मध्ये पद्मश्री. तिघांच्याही मुळाशी धर्मविचार आहे. पण विनोबांचं भूदान, आठवल्यांचा कोळी-आगरी वस्त्यांतला स्वाध्याय किंवा धर्माधिकारींच्या बैठकीतून सुटलेलं दारूचं व्यसन यांचं मोजमाप धर्माबाहेरही करता येतं. आणि यादी एकाच धर्माची नाही. मदर तेरेसा यांना 1962 मध्ये पद्मश्री आणि 1980 मध्ये भारतरत्न, मौलाना वहिदुद्दीन खान यांना 2021 मध्ये पद्मविभूषण, पुणे जिल्ह्यातल्या चासकमानला जन्मलेल्या जैन साध्वी आचार्य चंदनाजी यांना 2022 मध्ये पद्मश्री.

तरी तुमच्या आक्षेपात तथ्य आहे. नुसत्या गादीला, पीठाला, अनुयायांच्या संख्येला सन्मान देणं मला मान्य नाही. काम दाखवता आलं पाहिजे. विजापूरच्या ज्ञानयोगाश्रमाचे सिद्धेश्वर स्वामी यांना 2018 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. सीमेच्या अलीकडे मराठीतूनही प्रवचनं करणारे हे स्वामी. आपण संन्यासी आहोत, आपल्याला पुरस्काराची गरज नाही, असं सरकारला विनयानं कळवून त्यांनी ती घेतली नाही. सन्मान देऊ करणाऱ्या सरकारचंही त्यात काही चुकलं असं मी म्हणणार नाही.

शंका : खारघरला 2023 मध्ये जे झालं त्यानंतर आमच्या घरात पुरस्काराचं नाव काढलं की सगळे गप्प होतात. एवढी माणसं जमवणं हा पुरस्काराच्या नियमाचा भाग असतो का? — गृहिणी, कर्जत

नाही, ताई. अजिबात नाही. महाराष्ट्रभूषण हा राज्य सरकारचा पुरस्कार 1995 मध्ये सुरू झाला आणि पहिला मान पु. ल. देशपांडे यांना मिळाला. सन्मानचिन्ह, मानपत्र आणि रक्कम एवढंच त्यात द्यायचं असतं. त्यासाठी मैदान लागत नाही. अप्पासाहेब धर्माधिकारींना तो देताना खारघरला 16 एप्रिल 2023 रोजी भर उन्हात उघड्यावर त्यांचे लाखो अनुयायी, म्हणजे श्रीसदस्य, बसले आणि उष्माघातानं 14 जण गेले. कर्जत-नेरळ पट्ट्यातून बैठकीला जाणारी किती घरं आहेत हे मला ठाऊक आहे, म्हणून तुमचं पत्र वाचून जीव कळवळला.

राष्ट्रपती भवनात पद्म पुरस्कार कसे देतात ते सांगतो. दालनात खुर्च्या मांडलेल्या. नाव पुकारलं की मानकरी उठतो, चालत पुढे जातो, राष्ट्रपती पदक लावतात, सनद हाती देतात, मानकरी परत जागेवर. पुढचं नाव. कोणाला भाषण नाही. अनवाणी आलेल्या आदिवासी आजीला आणि मोठ्या उद्योगपतीला सारखाच वेळ. माझं ठाम मत आहे की राज्याचे सगळे पुरस्कार असेच, बंद सभागृहात, थोडक्यात द्यावेत आणि लोकांनी ते घरी टीव्हीवर पाहावेत. गर्दी सरकारनं बोलावली की तिच्या सावलीची आणि पाण्याची जबाबदारीही सरकारची होते.

शंका : माथेरानची गाडी बांधणारे आदमजी पीरभॉय 'सर' होते. आज एखाद्या भारतीयाला 'सर' होता येतं का? आणि परदेशातल्या 'ऑर्डर ऑफ मेरिट'मध्ये आणि आपल्या पद्ममध्ये फरक काय? — स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, नेरळ

पहिल्या भागाचं उत्तर, नाही. कलम 18 भारतीय नागरिकाला परदेशी सरकारचा किताब घ्यायला मनाई करतं. सर आदमजींच्या घराण्यानं नेरळहून माथेरानला दोन फूट रुंदीचा लोहमार्ग सोळा लाख रुपये खर्चून बांधला. काम 1904 मध्ये सुरू झालं, 1907 मध्ये गाडी धावली आणि त्याच वर्षी त्यांना 'सर' मिळालं. तेव्हा हा किताब नावाचाच भाग होई. आपल्याच जिल्ह्यात, महाडजवळच्या नात्याला जन्मलेले चिंतामणराव देशमुख 1944 मध्ये 'सर' झाले. स्वतंत्र भारतात अर्थमंत्री झाल्यावर लोक त्यांना सी. डी. देशमुख म्हणूनच ओळखू लागले आणि 1975 मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी मात्र 1914 मध्ये देऊ केलेलं 'सर'पद नम्रपणे नाकारलं होतं. रतन टाटांना ब्रिटननं दिलेला सन्मान मानद होता, म्हणून ते कधी 'सर रतन' झाले नाहीत.

दुसरा भाग परीक्षेला उपयोगी आहे, नीट लक्षात ठेवा. युरोपात 'ऑर्डर' हा एक संघ असतो. सन्मान मिळालेला माणूस त्याचा सदस्य होतो. त्याला पायऱ्या असतात. फ्रान्सची राष्ट्रीय ऑर्डर ऑफ मेरिट 1963 मध्ये जनरल द गॉल यांनी काढली, तिला शेव्हालिएपासून ग्रँड क्रॉसपर्यंत पाच पायऱ्या आहेत. ब्रिटनच्या ऑर्डर ऑफ मेरिटमध्ये एका वेळी 24 च सदस्य असू शकतात. परदेशी मानद सदस्य त्याहून वेगळे. आपले राधाकृष्णन आणि मदर तेरेसा तसे मानद सदस्य होते. अशा ऑर्डरी राष्ट्राध्यक्ष, पंतप्रधान, धर्मप्रमुख यांना भेटीच्या वेळी सौजन्य म्हणूनही दिल्या जातात. आपल्या पंतप्रधानांना परदेशात मिळतात ते सन्मान या जातीचे. ते मानचिन्ह म्हणून स्वीकारले जातात, नावाला चिकटत नाहीत.

पद्म पुरस्काराला संघ नाही, सदस्यत्व नाही, त्याबरोबर पैसा किंवा रेल्वे-विमानाची सवलत नाही. राष्ट्रपतींच्या सहीची सनद, पदक आणि समारंभात लावायला पदकाची लहान प्रतिकृती, एवढंच. सुरुवातीला, 1954 मध्ये, पद्मविभूषणाचेच पहिला वर्ग, दुसरा वर्ग, तिसरा वर्ग असे तीन वर्ग होते. 1955 मध्ये त्यांची पद्मविभूषण, पद्मभूषण, पद्मश्री अशी नावं झाली. पहिल्या वर्षीच्या पहिल्या वर्गात मुंबई राज्याचे माजी मुख्यमंत्री बाळासाहेब खेर आणि भूतानचे राजे जिग्मे दोरजी वांगचुक शेजारी शेजारी आहेत. म्हणजे राज्यकर्ते या यादीत पहिल्या दिवसापासून आहेत. 1977 मध्ये मोरारजी देसाईंच्या सरकारनं पुरस्कार बंद केले, 1980 मध्ये ते पुन्हा सुरू झाले.

शंका : आमच्या भागात वाड्यापाड्यांवर आयुष्यभर काम केलेली एक व्यक्ती आहे. तिच्यासाठी पद्म पुरस्काराची मागणी कशी करायची? आमदारांचं पत्र लागतं का? — संस्थाचालक, कशेळे

लागत नाही. कोणताही नागरिक कोणाचंही नाव सुचवू शकतो, स्वतःचंसुद्धा. राष्ट्रीय पुरस्कारांच्या सरकारी पोर्टलवर अर्ज ऑनलाइन भरायचा, फी नाही. मुदत दरवर्षी जाहीर होते, पावसाळ्यात संपते, तेव्हा संक्रांतीनंतर कागदपत्रं गोळा करायला लागा. राज्य सरकारही आपल्या शिफारशी पाठवतं, पण तुमचा अर्ज त्यांच्यामार्फतच गेला पाहिजे असं नाही. दिल्लीत कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखालील पद्म पुरस्कार समिती सगळी नावं पाहते आणि पंतप्रधान व राष्ट्रपतींकडे शिफारस करते. मरणोत्तर आणि परदेशस्थ वगळता वर्षाला 120 हून जास्त पुरस्कार द्यायचे नाहीत असं बंधन आहे. सेवेत असलेल्या सरकारी नोकरांना पद्म मिळत नाही, डॉक्टर आणि शास्त्रज्ञांना मात्र मिळू शकतं.

आता मुख्य गोष्ट. अर्जात कार्याचं टिपण 800 शब्दांत द्यायचं असतं. माझ्याकडे दाखवायला येणारी टिपणं वाचून मला वाईट वाटतं. 'समाजासाठी तन-मन-धनानं झटणाऱ्या, दीनदुबळ्यांच्या कैवारी, थोर समाजसेविका' अशा ओळींनी पहिलं पान भरलेलं असतं. त्यातून समितीला काय कळणार? तेच असं लिहा : कोणत्या साली कोणत्या वाडीत शाळा सुरू केली, तेव्हा मुलं किती होती, आज किती आहेत, त्यातली किती दहावी झाली, पहिली मुलगी नर्स कोणत्या साली झाली. काम आधी कसं होतं आणि या माणसामुळे काय बदललं, एवढं दिसलं पाहिजे. विशेषणं सगळी काढून टाका.

महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांचं उदाहरण डोळ्यापुढे ठेवा. विंचू चावला की कोकणात मुलं दगावत. रक्तदाबासाठी वापरलं जाणारं प्राझोसिन हे औषध विंचूदंशावर उपयोगी पडतं हे त्यांनी ग्रामीण दवाखान्यात रोगी तपासता तपासता दाखवून दिलं आणि ते संशोधन जगभरच्या वैद्यकीय नियतकालिकांत गेलं. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. हे दोन वाक्यांत सांगता येतं कारण काम नेमकं आहे. तुमच्या व्यक्तीचं कामही तितकंच नेमकं असेल. ते शोधून काढायला तिच्याशी दोन दुपारी बसा, हजेरीपट पाहा, आणि ती हयात आहे तोवर हे करा. पद्म पुरस्कार सहसा मरणोत्तर देत नाहीत. दिलाच तर मृत्यू नुकताच, वर्षभराच्या आत झालेला असावा लागतो. नंदवीचे मनोहर जोशी 2024 मध्ये गेले आणि 2025 मध्ये त्यांना पद्मभूषण जाहीर झालं, ते या तरतुदीतून.

शंका : एका संस्थेकडून फोन आला. आमच्या मठाच्या महाराजांना 'राष्ट्रीय गौरव पुरस्कार' आणि मानद डॉक्टरेट देणार आहेत, पण 'नोंदणी शुल्क' भरायला सांगतात. पत्रावर तीन सिंहांचं चिन्ह आहे. — शिष्य, खालापूर

एक रुपयाही भरू नका. भारत सरकार कोणत्याही सन्मानासाठी पैसे घेत नाही. राजमुद्रेचा अनधिकृत वापर 2005 च्या कायद्यानं गुन्हा आहे, तेव्हा ते पत्र जपून ठेवा आणि पोलीस ठाण्यात दाखवा. डॉक्टरेट देण्याचा अधिकार विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 1956 च्या कायद्यानुसार फक्त विद्यापीठांना आणि तशी मान्यता असलेल्या संस्थांना आहे. एखाद्या हॉटेलच्या हॉलमध्ये झगा-टोपी घालून फोटो काढले म्हणजे पदवी होत नाही. महाराजांना कोणी फसवलं अशी बातमी उद्या येण्यापेक्षा आज तुम्ही नाही म्हणालेलं बरं.

शंका : हुतात्मा भाई कोतवालांना भारतरत्न का नाही? ग्रामसभेचा ठराव करून पाठवला तर? — तरुण मंडळ, नेरळ

भाई कोतवाल, म्हणजे माथेरानचे विठ्ठल लक्ष्मण कोतवाल. वकील झालेला नाभिक समाजातला मुलगा, माथेरान नगरपालिकेचा उपाध्यक्ष. 1942 मध्ये आझाद दस्ता उभारून मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडणारा. 2 जानेवारी 1943 च्या पहाटे सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांच्या गोळीबारात ते आणि मानिवलीचे हिराजी पाटील पडले. कोतवालांचं वय तिशीचं.

नियमाचं सांगतो. पद्मचं दार वर सांगितलेल्या वर्षभराच्या अटीमुळे बंद आहे. भारतरत्नाला तशी अट नाही. 1946 मध्ये वारलेले मदनमोहन मालवीय यांना 2015 मध्ये ते मिळालं. भारतरत्नाला अर्ज नसतो, पंतप्रधान राष्ट्रपतींकडे शिफारस करतात. तेव्हा ठराव जरूर पाठवा, तो पोचेल, पण त्यावर उत्तर देण्याचं बंधन कोणावर नाही. एक सावधगिरी : 1992 मध्ये सुभाषबाबूंना मरणोत्तर भारतरत्न जाहीर झालं, त्यावर वाद पेटला, प्रकरण न्यायालयात गेलं आणि 1997 मध्ये ती घोषणा रद्द ठरली. सन्मान घाईनं दिला की माणसाचं नाव खटल्यात जातं.

स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवात, 1972 मध्ये, केंद्र सरकारनं स्वातंत्र्यसैनिकांना ताम्रपट दिले आणि निवृत्तिवेतन सुरू केलं. तुमच्या आजोबा-पणजोबांपैकी कोणाकडे असा ताम्रपट माळ्यावर असेल. तो चिंचेनं घासून चकचकीत करू नका, अक्षरं झिजतात. कोरड्या मऊ फडक्यानं पुसा, फोटो काढा, त्याच्यामागची हकीकत लिहून ठेवा. आझाद दस्त्यातल्या, कोतवाल-पाटलांखेरीज इतरांची कहाणी अशाच कागदांतून जुळवता येईल. भारतरत्नाच्या ठरावाइतकंच हेही काम तुमच्या मंडळानं हाती घ्यावं असं मला फार वाटतं.

शंका : पद्म पुरस्कार मिळालेल्या व्यक्तीचं निधन झालं तर शासकीय इतमामात अंत्यसंस्कार होतात का? आम्हाला आमच्या गुरुजींवर तिरंगा पांघरायचा आहे. — एक वाचक, चौक

पुरस्कारामुळे आपोआप तो हक्क मिळत नाही. राज्य सरकार प्रत्येक वेळी निर्णय घेतं. समाजसेविका सिंधुताई सपकाळ यांना जानेवारी 2022 मध्ये पुण्यात तसा मान दिला गेला. सरकारचा आदेश नसेल तर तिरंगा पांघरू नका. ध्वजसंहितेनुसार शासकीय, लष्करी आणि निमलष्करी अंत्यसंस्कारांखेरीज ध्वजाचा असा वापर करता येत नाही आणि 1971 च्या कायद्यानं तो गुन्हा ठरू शकतो. आदेश असेल तेव्हाही ध्वज चितेबरोबर जाळायचा किंवा समाधीत उतरवायचा नसतो. तो आधी काढून घेतात. गुरुजींवर त्यांची रोजची शाल पांघरा. आदेशाची विनंती करायची असेल तर तहसीलदार किंवा जिल्हाधिकारी कार्यालयाला लगेच कळवा, कारण निर्णय काही तासांत व्हावा लागतो.